अंधारी (देवगिरी किल्ला)

अंधारी हा देवगिरी ऊर्फ दौलताबाद किल्ल्याच्या बालेकिल्ल्याकडे जाणारा, डोंगराच्या पोटातून कोरलेला काळोखा भुयारी मार्ग आहे. हा किल्ला महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर शहराच्या वायव्येस, वेरूळच्या वाटेवर, सुमारे १५ किलोमीटर अंतरावर आहे. खंदकावरील अरुंद पूल ओलांडल्यानंतर माथ्याकडे जाण्यासाठी पूर्वी हीच वाट होती. शत्रूला अंधारात, एकेरी रांगेत आणि अपरिचित पायऱ्यांवरून चढावयास लावणे व वरच्या तोंडाशी आग पेटवून त्याची वाट बंद करणे, हे या मार्गाचे प्रयोजन होते. मध्ययुगीन दख्खनमधील दुर्गबांधणीत शत्रूला फसवून मारण्यासाठी योजलेल्या सापळ्यांचे हे सर्वांत परिचित उदाहरण मानले जाते.

अंधारीची कीर्ती मोठी असली तरी देवगिरीच्या इतिहासातील निर्णायक घटना तिच्या बाहेर घडल्या. इ.स. १२९६, १४९९ आणि १६३३ या तिन्ही प्रसंगी किल्ल्यातील सत्तेला शत्रूपुढे नमावे लागले ते धान्याची टंचाई, सुरुंग, फितुरी किंवा तह यांमुळे. ज्या वाटेने शत्रूला वर येता येत नव्हते, त्याच वाटेने वरच्या शिबंदीला खाली उतरावे लागत असे. या दुहेरी गुणधर्मामुळे अंधारी जशी संरक्षणाची, तशीच कोंडीचीही जागा ठरली.

नाव

‘अंधारी’ हे नाव मार्गातील काळोखावरून पडले आहे. हिंदी व दख्खनी बोलणारे लोक तिला ‘अंधेरी’ म्हणतात. पर्यटकांमध्ये ‘भुयारी मार्ग’ आणि ‘भूलभुलैया’ ही नावेही रूढ आहेत. फारसी बखरकारांनी मार्गाचे वर्णन केले आहे. ज्या खडकावर बालेकिल्ला उभा आहे त्याला त्यांच्या लेखनात ‘देवगीर’ किंवा ‘धारागीर’ अशी नावे आढळतात.

स्थान आणि संरक्षणव्यवस्था

देवगिरीचा डोंगर सपाट प्रदेशात एकाकी उभा असलेला शंकूच्या आकाराचा खडक आहे. त्याची उंची पायथ्यापासून सुमारे २०० मीटर आहे. डोंगराचा खालचा भाग चोहोबाजूंनी तासून सुमारे ५० मीटर उंचीचा उभा कडा तयार करण्यात आला आहे. या ताशीव कड्यामुळे शिडी लावून किंवा दोर टाकून वर चढणे जवळजवळ अशक्य झाले.

किल्ल्याची संरक्षणव्यवस्था एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांची आहे.

अंबरकोट हा सर्वांत बाहेरचा तट होय. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावावरून तो ओळखला जातो. पूर्वीच्या वस्तीचा मोठा भाग या तटाच्या आत येत असे.

महाकोट हा त्याच्या आतील तट आहे. त्याच्या प्रवेशद्वारांची रचना वळणावळणाची असून दोन दरवाजांच्या मध्ये बंदिस्त चौक आहेत. दरवाजांच्या फळ्यांवर हत्तींच्या धडकेपासून संरक्षण करणारे लोखंडी खिळे ठोकलेले आहेत. पहिला दरवाजा फोडून आत आलेला शत्रू चौकात अडकत असे व त्याच्यावर चारही बाजूंच्या तटांवरून मारा करता येत असे.

कालाकोट हा तिसरा तट होय. त्याच्या परिसरात राजवाड्यांचे व चिनी महालाचे अवशेष आहेत. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा (तानाशहा) याला इ.स. १६८७ मध्ये त्याचे राज्य बुडाल्यानंतर चिनी महालात कैदेत ठेवण्यात आले होते.

कालाकोटाच्या पलीकडे खडकात खोदलेला खंदक, त्यावरचा पूल, नंतर अंधारी आणि शेवटी बालेकिल्ला असा क्रम आहे. अंधारी समजून घेण्यासाठी हा क्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. ती स्वतंत्रपणे उभारलेला सापळा नसून तट, खंदक आणि पूल यांनी बनलेल्या मालिकेतील शेवटचा दुवा आहे.

रचना

खंदक आणि पूल

डोंगराच्या पायथ्याभोवती अखंड खडकात खंदक खोदलेला आहे. शाहजहानच्या दरबारातील इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने ‘बादशाहनामा’ या ग्रंथात खंदकाची रुंदी ४० गज व खोली ३० गज आणि खडकाचा घेर ५,००० गज दिला आहे. कडा इतका गुळगुळीत तासला आहे की साप किंवा मुंगीलाही त्यावर चढणे अवघड जावे, अशा आशयाचे वर्णन तो करतो.

खंदक ओलांडण्यासाठी एकच अरुंद पूल होता. त्यावरून एका वेळी दोनपेक्षा अधिक माणसांना शेजारी-शेजारी चालता येत नसे. जुन्या दगडी पुलाचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खोल आहे. पायऱ्यांनी खाली उतरून पुन्हा पायऱ्यांनीच वर चढावे लागते. खंदकातील पाण्याची पातळी वाढविली की हा मधला भाग पाण्याखाली जात असे. वेढ्याच्या काळात पूल न पाडताही तो निरुपयोगी करण्याची ही सोय होती.

भुयार

पूल ओलांडल्यानंतर मार्ग डोंगराच्या आत शिरतो. भुयार सरळ नाही. ते चढत, वळत आणि दिशा बदलत वर जाते. काही ठिकाणी उतार मंद आहे, तर मध्यावर पायऱ्यांची तीव्र चढण आहे. लाहोरीने त्याची तुलना मनोऱ्याच्या आतील जिन्याशी केली असून तेथे भरदिवसाही दिव्याची गरज लागते असे नोंदविले आहे. त्याच्या वर्णनानुसार पायऱ्या खडकातच कोरलेल्या होत्या आणि भुयाराचे खालचे तोंड लोखंडी दरवाजाने बंद होत असे.

या रचनेचे युद्धदृष्ट्या चार परिणाम होते.

पहिला परिणाम प्रकाशाचा होय. उन्हातून एकदम काळोखात आलेल्या माणसाच्या डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास बराच वेळ लागतो. त्या अवधीत तो जवळजवळ आंधळा असतो. आत दबा धरून बसलेल्या पहारेकऱ्याच्या डोळ्यांना मात्र अंधार आधीच सरावलेला असतो. शत्रूने मशाल पेटविली तर तिच्या उजेडात तोच आधी दिसतो.

दुसरा परिणाम संख्येचा होय. भुयाराच्या अरुंदपणामुळे हजारोंच्या सैन्यातील केवळ पुढचे एक-दोन सैनिकच प्रत्यक्ष लढू शकतात. मागच्यांना पुढे काय चालले आहे हे दिसत नाही आणि पुढच्यांना मागे वळता येत नाही. त्यामुळे मूठभर शिबंदीला मोठ्या फौजेशी बरोबरी साधता येते.

तिसरा परिणाम पायांखालच्या जमिनीचा होय. असमान पायऱ्या आणि अनपेक्षित वळणे यांमुळे चढणाऱ्याचा तोल जातो. किल्ल्यातील माणसाला त्या पाठ असतात, परक्याला त्या प्रत्येक पावलाला चाचपाव्या लागतात.

चौथा परिणाम उंचीचा होय. बचाव करणारा नेहमी वरच्या बाजूला असतो. त्याने ढकललेला दगड किंवा टाकलेली जळती वस्तू उताराने आपोआप शत्रूकडे जाते.

शेगडी आणि जाळी

अंधारीतील सर्वांत परिणामकारक योजना आगीची होती. चढणीच्या पायऱ्या जेथे संपतात तेथील तोंडावर लोखंडी जाळी बसविण्याची व्यवस्था होती. युद्धप्रसंगी जाळीवर मोठा जाळ पेटवून तो वरच्या शिबंदीने सतत धगधगत ठेवायचा, अशी ही योजना होती. लाहोरीनेही मार्गात ठेवता येईल अशा मोठ्या लोखंडी शेगडीचा उल्लेख केला आहे. ती पेटविली की तिच्या उष्णतेने पुढे जाणे अशक्य होत असे, असे तो लिहितो. आगीला हवेचा पुरवठा व्हावा म्हणून जवळच खडकातून कड्याच्या दिशेने छिद्र काढलेले आहे.

या योजनेचे वैशिष्ट्य असे की तिला फार माणसे लागत नाहीत. तटावर मारा करण्यासाठी तिरंदाज किंवा गोलंदाज लागतात. येथे लाकूडफाटा पुरविणारे काही जण पुरेसे होतात. तापलेले लोखंड, धूर आणि कोंदट हवा हीच शस्त्रे ठरतात. मात्र जळण संपले की हे शस्त्रही संपते. म्हणजे आगीची योजनाही शेवटी गडावरील साठ्यावर अवलंबून होती.

काळनिर्णय

देवगिरीचा किल्ला एका काळात बांधला गेलेला नाही. यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इ.स. ११८७ च्या सुमारास, देवगिरी येथे राजधानी वसविली. पुढे खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही राजवटींनी त्यात भर घातली. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने इ.स. १३२७ मध्ये येथे राजधानी हलविली आणि नगरास ‘दौलताबाद’ हे नाव दिले.

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेत आला होता. त्याने मैदानात उभ्या असलेल्या खडकाचे, त्यावरील गढीचे आणि तेथील कैदखान्यांचे वर्णन केले आहे. त्या कोठड्यांत मांजरापेक्षाही मोठे उंदीर असल्याचे तो सांगतो. वर जाण्यासाठी चामड्याची शिडी वापरत असून रात्री ती वर ओढून घेतली जाई, अशी त्याची नोंद आहे. त्याच्या वर्णनात भुयाराचा किंवा शेगडीचा उल्लेख नाही. सतराव्या शतकातील लाहोरीच्या वर्णनात मात्र भुयार, लोखंडी दरवाजा आणि शेगडी या तिन्ही गोष्टी स्पष्टपणे येतात. त्यामुळे इ.स. १६३३ च्या वेढ्यापूर्वी अंधारी आज ओळखता येईल अशा स्वरूपात अस्तित्वात होती, हे निश्चितपणे म्हणता येते.

खडक कोरण्याची परंपरा या परिसरात जुनी आहे. वेरूळची लेणी येथून जवळच आहेत आणि देवगिरीच्या डोंगरातही जुनी लेणी आढळतात. कातळ फोडून भुयार, टाकी आणि खंदक तयार करण्याचे कौशल्य येथील पाथरवटांकडे अनेक शतके होते.

युद्धेतिहास

इ.स. १२९६ : मिठाच्या गोण्या

इ.स. १२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी काही हजार घोडेस्वारांसह विंध्य ओलांडून एलिचपूरमार्गे (आजचे अचलपूर) देवगिरीवर चालून आला. त्या वेळी यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेव याच्याबरोबर बाहेर गेलेले होते. राजा रामचंद्रदेव याने किल्ल्याचा आश्रय घेतला.

सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळातील इतिहासकार फिरिश्ता याने दिलेल्या हकिकतीनुसार, घाईघाईत किल्ल्यात धान्य म्हणून ज्या गोण्या चढविल्या गेल्या त्यांत प्रत्यक्षात मीठ निघाले. शंकरदेव परत येऊन लढला, परंतु त्याचा पराभव झाला. अन्नाचा साठा नसल्याने रामचंद्रदेवाला तह करावा लागला. मोठ्या खंडणीबरोबर एलिचपूर प्रांताचा वसूल देण्याचे त्याने मान्य केले. वऱ्हाडच्या इतिहासात या तहाला महत्त्व आहे, कारण दिल्लीच्या सत्तेचा या प्रांताच्या उत्पन्नाशी संबंध येथून सुरू होतो.

किल्ल्याच्या अभेद्यतेचा या प्रसंगी उपयोग झाला नाही. शत्रूला कड्यावर चढावेच लागले नाही.

इ.स. १३४७ : बंडखोर अमिरांचा बचाव

इ.स. १३४७ मध्ये दौलताबादेतील अमिरांनी मुहम्मद बिन तुघलकाविरुद्ध बंड करून इस्माईल मुख याला सुलतान म्हणून पुढे केले. सुलतान स्वतः दख्खनमध्ये आला. लढाईत पराभव झाल्यावर बंडखोरांनी धारागीर, म्हणजे वरचा किल्ला, गाठला. सुलतानाने वेढा घातला, तथापि गुजरातेत तघीचे बंड उद्भवल्याने त्याला तिकडे जावे लागले. दरम्यान हसन गंगू याने शाही फौजांचा पराभव केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा राज्याभिषेक होऊन बहमनी राज्याची स्थापना झाली.

देवगिरीच्या वरच्या किल्ल्याने आपले काम चोख बजावल्याचे हे ठळक उदाहरण आहे. येथे वेढा दीर्घकाळ चालला नाही आणि बाहेरून मदत आली, या दोन गोष्टी निर्णायक ठरल्या.

इ.स. १४९९ : हंगामांची लूट

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद निजामशहा याने दौलताबाद मिळविण्यासाठी वेगळा मार्ग अवलंबिला. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्ये त्याने अहमदनगर वसविले. तेथून पिके हाताशी येण्याच्या वेळी तो दौलताबादच्या परिसरात सैन्य पाठवून शेते उद्ध्वस्त करीत असे. किल्ल्यावर थेट हल्ला करण्याऐवजी किल्ल्याला धान्य पुरविणाऱ्या मुलखावर हल्ला करण्याचे हे धोरण होते. काही वर्षांनी किल्लेदार मलिक अशरफ मरण पावला आणि इ.स. १४९९ मध्ये शिबंदीने किल्ला अहमद निजामशहाच्या हवाली केला.

निजामशाहीच्या काळात एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. किल्ल्यावर त्यांचे स्थान दाखविले जाते.

इ.स. १६२९ : लखुजी जाधवांची हत्या

निजामशाहीच्या अखेरच्या काळात दौलताबाद हे दरबारी कटकारस्थानांचे केंद्र बनले. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथील सरदार लखुजी जाधव, म्हणजे जिजाबाईंचे वडील, यांना २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाच्या आज्ञेने दौलताबादच्या दरबारात मारण्यात आले. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू यांनाही ठार करण्यात आले. लखुजींची समाधी सिंदखेड राजा येथे आहे.

या घटनेचा अंधारीशी थेट संबंध नसला तरी किल्ल्याच्या पुढील पतनाशी आहे. या हत्येमुळे जाधव घराणे निजामशाहीपासून तुटले आणि लखुजींचे जावई शहाजी भोसले यांचाही राज्यावरील विश्वास ढळला. काळोख्या भुयारापेक्षा उजेडातील दरबार अधिक घातक ठरावा, अशी ही स्थिती होती. ज्या सरदारांनी किल्ल्याबाहेरचा मुलूख राखायचा, तेच दुरावले.

इ.स. १६३३ : मोगलांचा वेढा

इ.स. १६३३ चा वेढा हा अंधारीच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग होय. मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने आधीच्या निजामशहाला मारून हुसेन या अल्पवयीन मुलाला गादीवर बसविले होते. मोगल, विजापूर आणि शहाजी भोसले या तिन्ही पक्षांशी त्याचे संबंध वेळोवेळी बदलत गेले. अखेर मोगल सुभेदार महाबतखान आणि त्याचा पुत्र खानजमान यांनी दौलताबादला वेढा घातला. विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान आणि मुरार जगदेव यांच्या फौजा व शहाजी भोसले यांनी बाहेरून मोगलांवर हल्ले करून किल्ल्यात रसद पोहोचविण्याचे प्रयत्न केले. ते अपुरे पडले.

मोगलांनी मोर्चे पुढे सरकवीत तटाखाली सुरुंग खणले. प्रथम अंबरकोटाचा तट व बुरूज सुरुंगाने उडवून आत प्रवेश करण्यात आला. त्यानंतर महाकोटावर हीच पद्धत वापरली गेली. किल्ल्यातील लोक एकेका तटामागून आत सरकत गेले. दरम्यान धान्य संपत आले आणि रोगराई पसरली.

लाहोरीने स्वतःच नमूद केले आहे की सुरुंग, साबात इत्यादी वेढ्याची नेहमीची साधने मुख्य खडकाविरुद्ध निरुपयोगी होती. तटाच्या पायाखाली माती असते, म्हणून तेथे सुरुंग खणता येतो. अखंड कातळात तसे करता येत नाही. तरीही मोगलांना खंदक, पूल आणि अंधारी यांच्याशी झुंजावे लागले नाही. जून १६३३ मध्ये फत्तेखानाने वाटाघाटी केल्या. ‘बादशाहनाम्या’नुसार त्याला साडेदहा लाख रुपये देण्यात आले आणि किल्ल्याच्या किल्ल्या महाबतखानाच्या हाती आल्या. हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठविण्यात आले.

उत्तरकाळ

मोगल काळात दौलताबाद हे दख्खनमधील महत्त्वाचे ठाणे आणि राजबंद्यांचा तुरुंग बनले. शाहजहानच्या इ.स. १६३६ मधील भेटीच्या निमित्ताने बांधलेली बारादरी अंधारीच्या पुढे, डोंगराच्या वरच्या भागात आहे. अठराव्या शतकात किल्ला हैदराबादच्या निजामाकडे होता. उदगीरच्या लढाईनंतर इ.स. १७६० मध्ये झालेल्या तहाने तो मराठ्यांना मिळाला. पुढे तो पुन्हा निजामाकडे गेला आणि इ.स. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईनंतरच्या तहातही त्याच्या हस्तांतरणाचे कलम होते. या दोन्ही वेळी किल्ल्याचे भवितव्य दूरच्या रणांगणावर ठरले.

आख्यायिका

अंधारीविषयी अनेक कथा प्रचलित असून त्या किल्ल्यावरील वाटाड्यांच्या सांगण्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत.

एका कथेनुसार भुयारात दोन फाटे होते व ते पुढे एकत्र येत. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या शत्रूच्या तुकड्या अंधारात एकमेकींना शत्रू समजून आपसांत लढत. दुसऱ्या कथेनुसार एका वळणावर उजेड दिसणारी खिडकी होती. सुटकेची वाट समजून तिकडे धावणारा सैनिक थेट खंदकात कोसळे. तेथे मगरी पाळलेल्या होत्या, असेही सांगितले जाते. तिसऱ्या कथेनुसार वरच्या झरोक्यांतून उकळते तेल ओतले जाई. निशाणाविषयीही एक कथा आहे. निशाण मुद्दाम डावीकडे उभारून शत्रूला चुकीच्या दिशेने नेले जात असे, असे तीत सांगतात.

या कथांपैकी अंधार, वळणे, लोखंडी दरवाजा आणि आग यांना समकालीन लेखनाचा व आजच्या अवशेषांचा आधार आहे. मगरी, तेल आणि आपसांत लढणाऱ्या तुकड्या या गोष्टी मौखिक परंपरेतील आहेत. तथापि या कथांमधून सापळ्यामागील तत्त्व अचूकपणे व्यक्त होते. शत्रूची घाई, भीती आणि अज्ञान यांचा त्याच्याच विरुद्ध वापर करणे, हे ते तत्त्व होय.

अन्य किल्ल्यांशी तुलना

शत्रूला अडकविणारी रचना महाराष्ट्रातील इतर किल्ल्यांतही आढळते, मात्र तिचे स्वरूप वेगळे आहे.

शिवकालीन दुर्गबांधणीत गोमुखी दरवाजा हा विशेष दिसतो. रायगडाच्या महादरवाजाप्रमाणे या पद्धतीत दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा लपविलेला असतो. शत्रूला तो जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि दरवाजासमोरील चिंचोळ्या जागेत तोफ किंवा हत्ती वापरता येत नाही.

विजयदुर्ग येथे समुद्राच्या पाण्याखाली बांधलेली भिंत आढळली आहे. किल्ल्याकडे येणाऱ्या खोल तळाच्या जहाजांना अडथळा करणे हे तिचे प्रयोजन मानले जाते. जमिनीवर अंधाराने जे काम केले, ते येथे पाण्याने केले.

वऱ्हाडात सातपुड्याच्या रांगेतील नरनाळा आणि गाविलगड हे दोन मोठे गिरिदुर्ग आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकाल व संग्रामपूर परिसराच्या ईशान्येस, अकोट तालुक्यात नरनाळा आहे. तेथे माथ्यावर जाताना शहानूर, मेहंदी आणि महाकाली असे दरवाजे एकामागून एक लागतात. महाकाली दरवाजावर इ.स. १४८७ चा बहमनीकालीन शिलालेख आहे. अमरावती जिल्ह्यातील गाविलगडावरही दऱ्यांच्या कडेने दरवाजांची साखळी आहे.

गाविलगडाचा अनुभव देवगिरीशी ताडून पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगाव येथे लढाई झाली. त्यानंतर आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हनसन यांच्या इंग्रज फौजा गाविलगडाकडे वळल्या. तोफांनी बाहेरच्या किल्ल्याला खिंडार पाडून १५ डिसेंबर रोजी हल्ला करण्यात आला. आतील किल्ल्याच्या दरवाजांपाशी हल्लेखोर अडले. तेव्हा एका तुकडीने तटाला शिडी लावून आत उडी घेतली आणि आतून दरवाजा उघडला. दरवाजांचा सापळा न फोडता तो बाजूने ओलांडण्यात आला. देवगिरीच्या ताशीव कड्यावर अशी शिडी लावता आली नसती. या दृष्टीने अंधारीची रचना गाविलगडाच्या दरवाजांपेक्षा सरस होती, परंतु दोन्ही किल्ले अखेर पडले.

सुरुंग हे अशा रचनांविरुद्धचे प्रमुख अस्त्र असले तरी ते वापरणाऱ्यावरही उलटत असे. इ.स. १७०० मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याखाली सुरुंग उडविले. त्यांतील एका स्फोटाने तट बाहेरच्या बाजूस कोसळून हल्ल्यासाठी जमलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने गाडले गेले.

युद्धशास्त्रीय महत्त्व

अंधारीचे सामर्थ्य हल्ला करून किल्ला घेऊ पाहणाऱ्या शत्रूविरुद्ध होते. चढाई अशक्य करून तिने शत्रूपुढे दोनच पर्याय ठेवले: वेढा घालून वाट पाहणे किंवा आतील माणसे फोडणे. देवगिरी घेणाऱ्या सेनापतींनी नेमके हेच पर्याय निवडले.

एकच वाट ठेवण्याचा निर्णय दुधारी होता. वाट जितकी अरुंद, तितके तिचे रक्षण सोपे. पण त्याच वाटेने धान्य, जळण, दारूगोळा आणि माणसे वर न्यावी लागतात. खालचे तट पडले की शत्रूला अंधारीत शिरण्याची गरज उरत नाही, तिच्या तोंडाशी पहारा ठेवणे पुरते. अशा वेळी सापळा शत्रूसाठी राहत नाही, तो वरच्या शिबंदीसाठी होतो. इ.स. १३४७ मध्ये बाहेरचे बळ उपयोगी पडले म्हणून वरचा किल्ला टिकला, इ.स. १६३३ मध्ये ते अपुरे पडले म्हणून तो गेला. भुयार दोन्ही वेळी त्याच खडकात होते.

याच कारणाने दुर्गशास्त्रात किल्ल्याचे बळ केवळ तट-बुरुजांवरून मोजले जात नाही. पाण्याची टाकी, धान्याची कोठारे, सभोवतालचा मुलूख आणि किल्लेदाराची निष्ठा यांनाही तेवढेच महत्त्व दिले जाते.

सद्यस्थिती

देवगिरी किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे. पर्यटक अंधारीतून चढून बारादरीकडे व माथ्यावर जातात. भुयारात वटवाघळांचा मोठा वावर असून उग्र वास येतो. आतील पायऱ्या काही ठिकाणी निसरड्या व झिजलेल्या असल्याने विजेरी सोबत ठेवणे आणि सावकाश चालणे हिताचे ठरते. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या सहलींमध्ये वेरूळबरोबर देवगिरीचा समावेश नेहमी असतो. अंधारी हे या भेटीतील विद्यार्थ्यांचे मुख्य आकर्षण असते.